स्वस्त वस्तू महाग पडते, हे कळूनही ती का घ्यावी लागते?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मोबाइल फोनसोबत एक लेबल द्यावं लागतं. एका चार्जमध्ये फोन किती तास चालतो, बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावर थकते, हातातून पडला तर किती तग धरतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. बातमी वाचून बरं वाटतं. मग प्रश्न पडतो की ज्याच्या खिशात सगळ्यात स्वस्त फोनापुरतेच पैसे आहेत, त्याने हे लेबल वाचून करायचं काय?

'एकदाच घ्या, पण चांगली घ्या' हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलाय आणि दिलाही असेल. हिशोबाच्या दृष्टीने तो बहुतेक वेळा बरोबर असतो. पण हातातोंडाची गाठ घालताना ज्याची ओढाताण होते, त्याला तो ऐकवणं म्हणजे तहानलेल्याला विहीर खणण्याचे फायदे सांगणं. हिशोब नेमका काय आहे आणि तो कुठे अडतो, हे आधी नीट पाहू. पैसे कमी असताना काय करता येतं, ते त्यातूनच कळेल.

वस्तूची खरी किंमत कशी काढायची?

दुकानातल्या किमतीतून अर्धीच माहिती मिळते. ती वस्तू किती दिवस चालणार, ही उरलेली अर्धी. किमतीला वापराच्या दिवसांनी भागलं की जो आकडा येतो, त्याला 'प्रति वापर खर्च' म्हणतात. या लेखात हिशोबाचा पाया तोच आहे.

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाचे बूट घ्या. स्वस्त जोडाला १ भाग पैसे लागतात आणि तो वर्षभर चालतो. टिकाऊ जोडाला ४ भाग लागतात आणि तो सहा वर्षं चालतो. सहा वर्षांत स्वस्त जोड घेणाऱ्याचे ६ भाग जातात, टिकाऊ घेणाऱ्याचे ४. मध्ये एकदा सोल बदलायला आणखी १ भाग गेला, तरी ५ होतात. शिवाय स्वस्त जोडाचे शेवटचे महिने भोक पडलेल्या सोलमधून पाणी आत घेत काढायचे, हे या हिशोबात धरलेलंच नाही.

आता हेच गुंतवणूक म्हणून पाहा. टिकाऊ जोडासाठी आज जास्तीचे ३ भाग घातले. त्या बदल्यात पुढची पाच वर्षं दर वर्षी १ भाग वाचला. सोलचा खर्च बाजूला ठेवला तर हा परतावा वर्षाला साधारण २० टक्के पडतो. कुठलीही साधी बचत योजना इतका देत नाही. हा २० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग लोक स्वस्तच का घेतात? त्यांना कळत नाही का?

कळतं. चांगलं कळतं. पैशांची चणचण असलेल्या माणसाइतके भाव कुणाच्याच तोंडपाठ नसतात.

येशिम ओरहुन आणि माइक पलाझोलो या संशोधकांनी अमेरिकी कुटुंबांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय ऐकून हसू येईल, पण निवड हुशारीची होती. ही वस्तू नासत नाही, आणि घरात जास्त आणून ठेवली म्हणून जास्त वापरलीही जात नाही. त्यामुळे मोठा गठ्ठा घेणं किंवा सवलत असताना साठा करणं, यात निव्वळ फायदाच असतो. तरी कमी उत्पन्नाची कुटुंबं हा फायदा कमी घेताना दिसली. मात्र महिन्याच्या सुरुवातीला, हातात पैसे असताना, हीच कुटुंबं मोठे गठ्ठे आणि सवलती जास्त घेत होती. अक्कल पहिल्या तारखेला येते आणि वीस तारखेला जाते, असं काही होत नाही. बदलते ती हातातली रोकड.

टिकाऊ वस्तूचं गाडं इथेच अडतं. तिचा सगळा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो आणि फायदा पुढच्या सहा वर्षांत थोडा थोडा मिळतो. स्वस्त वस्तूचा खर्च तुकड्यातुकड्याने होतो. मिळकत तुकड्यांत येत असेल तर खर्चही तुकड्यांत झालेला सोयीचा पडतो, भले बेरीज जास्त होवो. आणि ते ६ भाग एकदम कधीच समोर येत नाहीत, म्हणून तेवढे बोचतही नाहीत.

मग हप्त्यांवर टिकाऊ वस्तू घेतली तर?

व्याजाचा दर किती, यावर सगळं ठरतं. मघाचा २० चा आकडा आठवा. वर्षाला २० टक्क्यांहून स्वस्त पैसे मिळत असतील तर आपल्या उदाहरणातले बूट उसनवारी करून घेणंही फायद्याचं. त्याहून महाग असतील तर तोटा.

समजा जास्तीचे ३ भाग महिन्याला ३ टक्के व्याजाने काढले. वर्षाचं व्याज ३६ टक्के, म्हणजे १.०८ भाग झालं. टिकाऊ बुटांमुळे वर्षाला वाचतो १ भाग. वाचलेले पैसे व्याजालाही पुरत नाहीत आणि मुद्दल जिथल्या तिथे राहतं. वस्तू उत्तम, निर्णय वाईट. बिनव्याजी हप्ता असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही आधी विचारावं की रोख दिले तर किंमत कमी होते का, आणि एखादा हप्ता चुकला तर दंड किती. अनेकदा व्याज किमतीतच मुरवलेलं असतं किंवा प्रक्रिया शुल्काच्या नावाने घेतलेलं असतं.

निदान साठवलेले पैसे तरी घालावेत ना?

याही सल्ल्यात एक खड्डा आहे. घरात अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम, म्हणजे घराची गंगाजळी, नुसती पडून आहे असं वाटतं. पण आजारपण आलं, काम सुटलं किंवा गाडी बंद पडली, तर तिच्यामुळेच महागडं कर्ज काढावं लागत नाही. ती सगळी बुटांत घातली आणि पुढच्याच महिन्यात दवाखाना निघाला, तर दुष्काळात तेरावा महिना. बूट विकून निम्मेही पैसे परत येणार नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की गंगाजळी पार रिकामी होत असेल तर स्वस्त वस्तू घ्यावी आणि त्याची लाज बाळगू नये. अशा वेळी तिच्यासाठी जे जास्तीचे पैसे जातात, ती हातात रोकड राहू देण्याची किंमत समजावी. मात्र स्वस्त वस्तू चालू असतानाच पुढच्या खरेदीसाठी थोडे थोडे बाजूला टाकता आले, तर एका वस्तूपुरतं तरी हे चक्र तुटतं. एकदा बूट टिकाऊ झाले की दर वर्षी वाचणारा तो १ भाग पुढच्या वस्तूच्या वाट्याला येतो. सगळं घर एकदम टिकाऊ करायला निघालेला माणूस फसतो. एकेक वस्तू धरणारा तरतो.

महाग वस्तू टिकाऊच असते का?

नाही. या विषयातली सगळ्यात खर्चिक गैरसमजूत हीच आहे. किमतीत ब्रँडचं नाव असतं, जाहिरात असते, दुकानाचं भाडं असतं, आणि उरलं तर कच्चा माल असतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याला पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. त्याचा मुद्दा असा की विकणाऱ्याला मालाचा दर्जा माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा सरासरी दर्जा धरूनच पैसे मोजतो. चांगला माल विकणाऱ्याला ते परवडत नाही, तो बाजारातून उठतो, आणि मागे उरतो तो कचरा. चांगलं काय ते ओळखू येत नसेल तर स्वस्त घेणं हा शहाणपणाच ठरतो, कारण फसलो तरी कमी पैशांत फसलो.

म्हणून ओळखायला शिकणं हीच इथली फुकटची कमाई. थोडं जवळून पाहू.

पिशवी किंवा सॅक घेताना बाहेरून बघूच नका, आतून उलटी करा. शिवणीच्या आत कापडाची कड मोकळी सोडली असेल आणि धागे सुटलेले दिसत असतील तर ती उसवणार. कडेवर पट्टी शिवलेली असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय. सॅक फाटते ती बहुतेक वेळा पट्टा जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे. त्या जागी एकच सरळ टाका आहे, की चौकोन करून मध्ये फुली मारलेली आहे, ते पाहा. चेन भरलेल्या पिशवीवर ओढून पाहा, रिकाम्यावर सगळ्याच चेन गुळगुळीत चालतात. कापड कितीही भारी असो, चेन गेली की पिशवी गेली.

बुटांत पाहायचं ते सोल वरच्या भागाला कसा जोडलाय. नुसता चिकटवलेला सोल एकदा सुटला की पुन्हा तितका घट्ट बसत नाही. कडेने पट्टी लावून शिवलेला सोल उसवून नवा बसवता येतो. चार्ल्स गुडइयर धाकटा याच्या नावाने ओळखली जाणारी ही शिलाई एकोणिसाव्या शतकापासून चालत आलीय. नुसत्या शोभेच्या टाक्यांना मात्र भुलू नका. काही बुटांच्या कडेला टाक्यांसारखी नक्षी साच्यातच उठवलेली असते. चामड्याबद्दल एवढंच की 'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून वर प्लास्टिकचा थर दिलेला. काही काळाने त्याचे पापुद्रे सुटतात.

आणि एक विचित्र गोष्ट. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल असलेले चांगले बूट 'खास वेळी घालू' म्हणून कपाटात ठेवले, तर काही वर्षांत हवेतल्या दमटपणाने सोल आतून विरतो आणि एक दिवस घालून निघालं की पायाखाली भुगा होतो. टिकाऊ वस्तू जपून ठेवल्याने टिकते, असं सरसकट म्हणता येत नाही.

लाकडी दिसणारं कपाट घेताना मागची बाजू आणि न दिसणारी कड बघावी. भुसा आणि डिंक दाबून केलेला पार्टिकल बोर्ड कोरड्या जागी, न हलवता, बरीच वर्षं राहतो. पण त्यात पाणी मुरलं की फुगतो तो कायमचा, आणि स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की पकड जाते. ज्यांना वरचेवर घर बदलावं लागतं, त्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. एकाच जागी राहणाऱ्याला तो चालून जातो. तीच वस्तू एकाला टिकाऊ आणि दुसऱ्याला तकलादू.

कंपन्या मुद्दाम लवकर बिघडणाऱ्या वस्तू बनवतात, हे खरं का?

थोडं खरं, थोडं अर्धवट. खऱ्याचा पुरावा जुना आहे. १९२४ मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्यांसह बल्ब बनवणाऱ्यांनी एक गट केला, फीबस कार्टेल. दीड-दोन हजार तास चालणाऱ्या बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं असं ठरलं, आणि ज्या कारखान्याचे बल्ब जास्त टिकले त्याला दंड बसू लागला. वस्तूचं आयुष्य असं ठरवून कमी करण्याला 'नियोजित कालबाह्यता' म्हणतात.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. त्या बल्बची तार जितकी जास्त तापवावी तितका उजेड चांगला आणि तितकं तिचं आयुष्य कमी. जास्त टिकणारा बल्ब तेवढीच वीज खाऊन मिणमिणता उजेड देई. म्हणजे कंपन्यांची लबाडी होतीच, पण तिला टेकायला भौतिकशास्त्राचा खांब होता. आजही तसंच आहे. फोनची बॅटरी आतून चिकटवली की फोन पातळ होतो आणि पाणी आत जात नाही; पण बॅटरी बदलणं अवघड होतं. घरगुती यंत्रातला प्लास्टिकचा दाता पाहून आपण कंजूषपणा म्हणतो, पण कधीकधी तो मुद्दाम ठेवलेला असतो, यंत्र अडकलं तर तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. तो दाता सुटा मिळतो का, यावरून हेतू कळतो. मिळत असेल तर ते डोकं, नसेल तर धंदा.

दुरुस्ती तर नव्यापेक्षा महाग पडते!

पुष्कळदा पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. स्वस्त वस्तू यंत्रावर हजारोंनी बनते. दुरुस्तीत एका माणसाचा अर्धा तास जातो, आणि तो कुठल्याच यंत्राने स्वस्त होत नाही. त्यामुळे ज्या वस्तूची किंमत त्या अर्ध्या तासाच्या आसपास आहे, ती दुरुस्त होणारच नाही, कुणी कितीही हळहळलं तरी.

त्याहून महाग वस्तूंबाबत मात्र सरकारी नियमांनी फरक पडतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्रावर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण लिहावे लागू लागले. सुटा भाग मूळ वस्तूच्या मानाने किती महाग आहे, हाही त्यातला एक निकष. हा निकष कुठल्याही देशातल्या ग्राहकाला विनाखर्च वापरता येतो. मोठी वस्तू घेण्याआधी तिच्यातला सगळ्यात आधी झिजणारा भाग कोणता आणि तो केवढ्याला मिळतो, एवढं विचारायचं. मोटरमधले कार्बन ब्रश, वॉशिंग मशीनचा पंप, फोनची बॅटरी. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर तेही उत्तरच.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कुठली निवडायची?

मी दोन प्रश्न विचारतो. ती रोज वापरात आहे का? आणि ती बंद पडली तर वस्तूच्या किमतीखेरीज आणखी काय बुडतं? शिंप्याचं मशीन, सामान पोचवणाऱ्याची सायकल, लेखनिकाचा लॅपटॉप, उभ्याने काम करणाऱ्याचे बूट यांचं उत्तर एकच येतं: त्या दिवसाची मजुरी बुडते. पहिले पैसे तिथे. स्वस्त आणि टिकाऊ यांच्या तुलनेत लोक हा बुडीत रोजगार धरतच नाहीत, आणि धरला तर टिकाऊ वस्तूचं पारडं खूपच जड होतं.

जिथे जीव अडकलाय, तिथे टिकाऊपणाचा हिशोबच लावू नये. चार्जर, विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड, गाडीचे ब्रेक, गॅसची नळी. इथे स्वस्तात मस्त काही नसतं.

बाकी बऱ्याच वस्तूंत स्वस्तच योग्य. वाढत्या मुलाचे बूट फाटण्याआधी तोकडे होतात. छत्री आणि गॉगल मोडण्याआधी हरवतात. नवा छंद किती दिवस टिकेल माहीत नसतं. अवजारांच्या बाबतीत कारागीर मंडळींचा एक रिवाज मला पटतो: पहिल्यांदा स्वस्त घ्या, वापरून वापरून मोडलं तर तुम्हाला ते खरंच लागतं, आता चांगलं घ्या. याला स्क्रू ड्रायव्हर तेवढा अपवाद. मऊ पोलादाचं टोक गोल होतं आणि जाताना स्क्रूचं डोकंही खराब करून जातं.

जुनी वस्तू घेणं म्हणजे दुसऱ्याचा बिघाड विकत घेणं नाही का?

ही भीती अगदीच खोटी नाही, पण टिकाऊ वस्तू कमी पैशांत मिळवायचा सगळ्यात चांगला रस्ता तोच आहे. अभियंते यंत्रांच्या बिघाडाचा एक आलेख काढतात, 'बाथटब कर्व्ह'. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण बनवतानाचे दोष तेव्हाच बाहेर येतात. मग बराच काळ कमी. शेवटी झीज झाली की पुन्हा जास्त. नवी वस्तू घेणारा पहिल्या टप्प्याचा धोका आणि भरमसाट घसारा, म्हणजे जुनी होताना घसरणारी किंमत, दोन्ही सोसतो. दोन-तीन वर्षं नीट चाललेली चांगली वस्तू घेणारा मधल्या, शांत टप्प्यात शिरतो. लाकडी फर्निचर, लोखंडी अवजारं, शिलाई मशीन, सायकल, कार्यालयांनी काढून टाकलेले लॅपटॉप यांत हे चांगलं जमतं.

जे झिजलेलं दिसत नाही, ते मात्र जुनं घेऊ नये. हेल्मेटच्या आतला फोम एका जोरदार धक्क्यात दबून आपलं काम करून मोकळा होतो; बाहेरून ओरखडाही नसतो. मुलांच्या कार सीटचं तसंच. जुनी बॅटरी घेताना ती किती वेळा चार्ज झालीय ते पाहावं; बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा आकडा पाहता येतो. आणि टायर न वापरताही म्हातारा होतो, कारण रबर हवेनेच कडक पडतं. त्याच्या अंगावर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला, मग विकणारा 'कालच काढलाय' म्हणो की आणखी काही.